गाडी कोणी जोडायची?

या अंकासाठी प्लास्टिकच्या मोटारींच्या मॉडेलांवर लिहायचं म्हटल्यावर दोन तऱ्हेचं हसू ऐकावं लागलं. एक साधं होतं : पोरांचे खेळ! दुसरं राजकीय होतं. रेशन आहे, पाणी आहे, मारहाण आहे, किमान वेतन आहे. हे सगळं टाकून अमेरिकेतल्या खाऊनपिऊन सुखी पुरुषांच्या छंदावर आपण पानं का खर्च करायची?

माझं म्हणणं असं की छंद ही वाटणीची गोष्ट आहे. घरातला रिकामा वेळ कोणाचा, टेबलाचा कोपरा कोणाचा, चूक करून माल वाया घालवायची मुभा कोणाला, आणि बोटांमधल्या कसबाला 'कसब' म्हणून मान कोणाच्या बाबतीत मिळतो, याची ती वाटणी आहे. जमिनीच्या आणि घराच्या वाटणीवर आपण मोर्चे काढले. ही वाटणी मात्र 'आवड' म्हणून सोडून दिली. मुलींना नसते आवड, झालं!

आधी वस्तू काय ते सांगते, कारण आपल्यापैकी बहुतेकींनी ती कधी हातात घेतलेली नाही. पुठ्ठ्याचा एक खोका असतो. आत खऱ्या मोटारीच्या एकचोविसांश किंवा एकपंचविसांश आकाराचे सुटे भाग, पॉलिस्टायरिन नावाच्या प्लास्टिकचे. वेलीला शेंगा लागाव्यात तसे ते एका प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले असतात. इंजिन, अ‍ॅक्सल, सीटा, आरसे, सगळं शंभराच्या आसपास तुकड्यांमध्ये. ते पात्यानं सोडवायचे. साच्याच्या फटीतून बाहेर आलेला पापुद्रा, म्हणजे कारखान्यात ज्याला बर किंवा फ्लॅश म्हणतात तो, खरवडून काढायचा. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचं, आधी चारशे नंबरचा, मग सहाशे, मग हजार. साबणानं धुवायचं, कारण साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. मग प्रायमर, मग रंगाचे पातळ पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. घाई केली तर रंग ओघळतो. खिडक्यांच्या चकचकीत कडांसाठी केसासारखी पातळ अ‍ॅल्युमिनियमची चिकट पन्नी लावून नखानं दाबायची. आकडे आणि चिन्हं पाण्यात भिजवून चिमट्यानं सरकवायची. जोडायचा गोंदही वेगळा : तो प्लास्टिक किंचित विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो. आणि सगळं झाल्यावर उरलेली चौकट मेणबत्तीवर धरून मऊ झाली की ओढायची, तिची तार निघते. ती तार गाडीच्या एरियलला वापरतात.

पाकाची एकतारी कोणती आणि दोनतारी कोणती हे बोटानं ओळखणाऱ्या बाईला ही तार कधी ओढायची ते शिकवावं लागेल का? ठिपक्यांची रांगोळी, सुईत दोरा, तांदळातला खडा, पदराला फॉल. यातलं कोणतं काम चिमट्यानं आकडा सरकवण्यापेक्षा ढोबळ आहे? एवढंच कशाला, नखं घासायची कानस आणि नेलपॉलिश ही दोन्ही या छंदातली जुनीच साधनं आहेत. नेलपॉलिशमधला मुख्य घटक नायट्रोसेल्यूलोज. १९२०च्या दशकात कारखान्यात मोटारींवर झपाट्यानं वाळणारा जो रंग आला तो याच घटकाचा होता. बाईनं हा रंग स्वतःच्या नखाला लावायचा, पुरुषानं गाडीला!

मग हे काम मुलग्यांचं ठरलं कसं? आपोआप ठरलं नाही. नियम करून ठरवलं गेलं, आणि नियम करणाऱ्याचं नाव-गाव उपलब्ध आहे.

अमेरिकेत जनरल मोटर्सची गाड्यांचे सांगाडे बनवणारी शाखा होती, फिशर बॉडी. तिनं १९३० साली 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड' नावाची स्पर्धा सुरू केली. महायुद्धाचा खंड वगळला तर ती १९६८ पर्यंत चालली. आरंभी स्पर्धकांना कंपनीच्या बोधचिन्हातली नेपोलियनकालीन घोडागाडी छोट्या आकारात बनवावी लागे. १९३७पासून स्वतः कल्पिलेल्या मोटारीचं मॉडेल चालू लागलं, खऱ्याच्या एकबारांश आकाराचं. बक्षीस म्हणजे चषक नव्हता, विद्यापीठाच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती होती, हजारो डॉलरची. प्रवेश फक्त मुलग्यांना. मुलगी कितीही हुशार असो, तिला अर्जच करता येत नव्हता.

त्या घोडागाडीत काय काय करावं लागे ते ऐका. लाकूडकाम, धातुकाम, रंगकाम आणि आतल्या बैठकीचं गादीकाम, अस्तर लावणं. म्हणजे सुईदोरा! घरी बहिणीनं टाके घातले तर ते घरकाम, भावानं घोडागाडीच्या गादीला घातले तर ती कारागिरी आणि वर विद्यापीठाची फी. सुई तीच होती.

ही मुलांची गंमत नव्हती, भरतीची वाट होती. गिल्डमधून गुणी मुलगे कंपनीच्या डोळ्यांत भरत आणि पुढे मोटारींच्या डिझाइनच्या खोलीत जाऊन बसत. १९४७चा विजेता चक जॉर्डन १९८६ ते १९९२ या काळात संपूर्ण जनरल मोटर्सच्या डिझाइनचा प्रमुख होता. बाराव्या-पंधराव्या वर्षी कोणाला लाकूड तासू दिलं, यावर चाळीस वर्षांनंतर रस्त्यावरून कोणाच्या कल्पनेच्या गाड्या धावणार ते ठरलं.

त्याच कंपनीनं १९५०च्या दशकात काही स्त्री-डिझायनर नेमल्या. हार्ले अर्ल हे तेव्हाचे डिझाइनप्रमुख. कंपनीच्या प्रसिद्धीखात्यानं या शिकलेल्या, पदवीधर बायांना नाव काय द्यावं? 'डॅमसेल्स ऑफ डिझाइन'. डिझाइनच्या कुमारिका म्हणा ना! त्यांच्या वाट्याला मुख्यतः गाडीचा आतला भाग आला : कापड, रंग, सामान ठेवायच्या सोयी. बाहेरचा पत्रा पुरुषांचा, आतली गादी बायकांची. उंबरठा मोटारीलाही असतो तो असा. १९५८मध्ये अर्ल निवृत्त झाले, नव्या प्रमुखाला या बाया नको होत्या आणि बहुतेकजणी बाहेर पडल्या. सुझान व्हँडरबिल्ट मात्र १९७७ पर्यंत टिकून राहिल्या.

दुकानातला माल याच सुमाराचा. मिशिगनच्या एएमटी कंपनीनं १९५८पासून तीन तऱ्हांनी जोडता येणारी किटं काढली : गाडी कारखान्यातून निघते तशी, हौसेनं बदललेली, किंवा शर्यतीची. एकाच खोक्यातून मुलग्यानं ठरवायचं, माझी गाडी कशी असेल. आणि मुलीला? १९६२मध्ये बार्बीसाठी ऑस्टिन-हीली गाडी बाजारात आली. तयार. जोडायचं काही नाही, ठरवायचं काही नाही, बाहुलीला बसवायचं आणि ढकलायचं. बार्बी काढणाऱ्या मॅटेल कंपनीनंच १९६८मध्ये मुलग्यांसाठी हॉट व्हील्स काढल्या. एकाच छपराखाली दोन कप्पे. (प्लास्टिकच्या खेळण्यांच्या खोक्यांवरची चित्रं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. १९६७च्या 'बॅटलशिप' या खेळाच्या खोक्यावर बाप आणि मुलगा खेळतायत आणि मागे आई आणि मुलगी भांडी घासतायत! कुठल्याही शिबिरात पोस्टर म्हणून लावा, भाषणाची गरज नाही.)

त्याहून बोचणारी गोष्ट मॅचबॉक्सची. त्या गाड्या प्लास्टिकच्या नव्हत्या, ओतीव धातूच्या होत्या, पण नात्यातल्याच. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेलच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती. बापानं तिच्यासाठी काडेपेटीत बसेल असा छोटा रोडरोलर बनवला. १९५३पासून मॅचबॉक्स नावानं गाड्या विकल्या जाऊ लागल्या आणि जगभर मुलग्यांच्या खिशात गेल्या. पहिली गाडी एका शाळकरी मुलीची होती हे किती दुकानदारांना ठाऊक असेल? लेस्नीचे कारखाने पूर्व लंडनमध्ये होते, आणि ओळीवर बसून चाकं बसवणाऱ्या, गाड्या जोडणाऱ्या कामगारांत बहुसंख्य बाया होत्या. म्हणजे बायकांना गाडी जोडता येत नव्हती असं नव्हे. ठोक भावानं, मालकासाठी, दिवसाला शेकडो जोडायची, ही परवानगी होती. एक, स्वतःसाठी, मनासारखी जोडायची नाही.

१९८१मध्ये डायान एलसन आणि रूथ पिअर्सन या दोघींनी जगभरातल्या निर्यात-कारखान्यांविषयी जे मांडलं ते आपल्या अभ्यासवर्गांमध्ये अनेकदा वाचलं गेलं आहे. मालक म्हणतो बायकांची बोटं जन्मतःच नाजूक आणि चपळ. या दोघी म्हणतात, जन्मतः कसली? लहानपणापासून घरात शिवणटिपण करून ती बोटं तयार झालेली असतात. ते प्रशिक्षण घरात फुकट झालं म्हणून त्याला प्रशिक्षण म्हणत नाहीत, आणि म्हणून मजुरी अकुशल कामगाराची. मला त्यात इतकंच जोडायचं आहे की पुरुषाचं घरातलं प्रशिक्षण मात्र दिसतं. त्याला छंद म्हणतात, त्याची मासिकं निघतात, प्रदर्शनं भरतात, पदकं मिळतात आणि नोकरीच्या अर्जात तो लिहिता येतो.

पुढे खेळण्यांचे कारखाने स्वस्त बोटांच्या शोधात पूर्वेला सरकले. १० मे १९९३ला थायलंडमधल्या केडर खेळणी कारखान्यात आग लागून १८८ कामगार मेले, बहुतेक तरुण मुली. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला चीनमध्ये शेन्झेनच्या झिली कारखान्यात ८७, पुन्हा बहुतेक मुलीच. खेळणं हा निरुपद्रवी, गोड विषय आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी या दोन तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. अमेरिकन नावांची अनेक किटं आज चीनमध्येच साच्यातून निघतात.

आता घराजवळ या. मी भोसरीच्या एका वस्तीत अभ्यासिकेचं काम पाहते. इथल्या कितीतरी घरांत दुपारी पोतं येतं. मोटारींना लागणारे रबराचे, प्लास्टिकचे छोटे भाग, आणि त्यांची बर काढायची, नगावर. आई, आजी, शाळेतून आलेली मुलगी, सगळ्या पातं घेऊन बसतात. मघाशी किटचं वर्णन करताना मी जे दुसरं काम सांगितलं, तेच हे. गेल्या वर्षी एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी अभ्यासिकेला भेटवस्तूंचे खोके पाठवले. 'मुलगे' आणि 'मुली' अशा चिठ्ठ्या लावूनच आले. मुलग्यांच्या खोक्यात मोटारींची सहा किटं. मुलींच्या खोक्यात मणी, मेंदीचे कोन आणि रंगवायच्या राजकन्या. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, म्हणून तर ते जास्त चीड आणणारं.

आम्ही चिठ्ठ्या काढल्या आणि खोके एकत्र ओतले. मुलग्यांनी भाग हातानं पिरगळून तोडले, निम्म्यांना टवके पडले. नववीतली एक मुलगी, जिच्या घरी पोतं येतं, तिनं जुनं पातं मागून घेतलं, भाग अंगठ्यावर टेकवला आणि पापुद्रा एका सपाट्यात सोलला. कोणी शिकवलं म्हणून मुलगे विचारायला लागले. 'ह्यात शिकवायचं काय?' असं ती म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटत होतं. इथे मला एलसन-पिअर्सनचा अख्खा निबंध दिसला. तिची गाडी काही देखणी वगैरे झाली नाही. झटपट चिकटणारा गोंद वापरल्यानं पुढची काच धुरकटली. पण त्याच बोटांनी ती पहिल्यांदा असं काही करत होती ज्याचा नग कोणी मोजणार नव्हतं.

'मुलींना आवड नसते' याला माझं उत्तर एवढंच. आवडीचा प्रश्न नंतर, आधी पोतं उचला.

वेळेचं गणित सरकारनंच केलं आहे. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि ही कामं करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ आले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं सुटली, पुरुषानं आपली नऊ काढून घेतली! शिवाय मॉडेलला नुसती मिनिटं पुरत नाहीत. त्याला न हलवलेली जागा लागते. रंग वाळेपर्यंत धूळ नको, सुट्या भागांचा क्रम मोडायला नको, आज अर्धवट राहिलेलं उद्या तिथेच सापडलं पाहिजे, असे दोन-तीन आठवडे. दहा बाय दहाच्या खोलीत कोणाचं अर्धवट काम जागच्या जागी राहतं, बघा जरा. मुलग्याची पतंग, मुलग्याची गाडी फडताळावर जाते आणि आई म्हणते, हात लावू नका गं, त्याचं चाललंय. मुलीची वही पोळपाट आला की उचलली जाते. मुलीचं 'चाललंय' असं काही नसतंच. तिचं एक तर झालेलं असतं, नाही तर राहिलेलं असतं.

श्रीमंत देशातल्या छंदिष्टांमध्ये एक विनोद फार चालतो : बायकोला कळू न देता किटं कपाटात दडवून ठेवायची, आणि आपण मेल्यावर ती किंमत न कळून स्वस्तात विकेल म्हणून धास्तावायचं. हा विनोद मी गमतीनं घेऊ शकत नाही. त्यात बाई म्हणजे घरखर्चाची पहारेकरीण. तिच्या स्वतःच्या कपाटात दडवायला काय आहे, हे त्या विनोदात कोणी विचारत नाही.

आपल्या बाजूचे आक्षेपही घेते. मोटार हे पुरुषी मिजाशीचं, धुराचं, भोगवादाचं चिन्ह, मुलींना त्यात कशाला ओढायचं? मोटारीची भक्ती मलाही नको. एसटीची लाल बस करा, ट्रॅक्टर करा, रुग्णवाहिका करा. पण पुरुषी म्हणून हात लावायचा नाही असं आपणच मुलींना सांगितलं, तर गिल्डच्या नियमाखाली आपण आपली सही करतो. आपल्याकडेही असे नियम छापले गेलेत. १९७४मध्ये पुण्याच्या टेल्कोच्या जाहिरातीत स्त्री-उमेदवारांनी अर्ज करू नयेत असं होतं. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं, मुलाखतीला बोलावणं आलं आणि त्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागल्या. ते पोस्टकार्ड गेलं नसतं तर नियम कोणाला खुपला असता? २०११मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ५०० आली. चाकणला बनणाऱ्या त्या गाडीच्या डिझाइनचं नेतृत्व रामकृपा अनंतन यांनी केलं होतं. आतल्या गादीचं नव्हे, अख्ख्या गाडीचं. चाकण भोसरीहून फार लांब नाही. आमच्या मुलींना मात्र ते पोत्यातल्या भागांपुरतंच माहीत आहे.

दुसरा आक्षेप विषारी द्रव्यांचा, आणि तो खरा आहे. प्लास्टिकच्या जुन्या गोंदांत टोल्युइन असे. मुलं तो हुंगतात म्हणून टेस्टर्स या अमेरिकन कंपनीनं १९६०च्या दशकाच्या अखेरीस गोंदात झोंबणारं मोहरीचं तेल घातलं. सोल्यूशन हुंगणारी मुलं आपण वस्त्यांत पाहतो, तेव्हा हे हलक्यानं घ्यायचं नाही. गोंद मोठ्यांच्या कपाटात, कुलपात. रंग पाण्यात विरघळणारे अ‍ॅक्रिलिक. खिडकी उघडी. घासणं नेहमी ओलं, म्हणजे भुकटी उडत नाही. पण मैत्रिणींनो, रबराच्या भुकटीत तीच मुलगी घरी रोज बसते तेव्हा हा आक्षेप कोणी घेत नाही, तोही घेऊया.

तिसरा पैशाचा. परदेशी किट हजारांच्या घरात जातं, ते आपल्याला परवडणार नाही. जाड पुठ्ठा, रिकाम्या रिफिली, औषधांच्या बाटल्यांची झाकणं यांतून मोजमाप करून बस बनते. टेल्कोतली नोकरी सोडून मुलांसाठी विज्ञानाची खेळणी करत राहिलेले अरविंद गुप्ता काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून सांगाडे जोडायला शिकवत आले आहेत. खरी वस्तू मोजायची, पंचवीसनं भागायचं, कागदावर उतरवायचं, कापायचं. नकाशा वाचणं यातून येतं, आणि आयटीआयच्या फिटरच्या वर्गात मुली कमी का, यावर पुढच्या परिषदेत ठराव करताना आपल्याकडे बोलायला काही असेल.

म्हणून वसतिगृहं, अभ्यासिका, किशोरी गट चालवणाऱ्या सगळ्यांकडे मागणी आहे. देणगीदारांना कळवा, मुलगे-मुली अशी चिठ्ठी लावलेला खोका घेतला जाणार नाही. आठवड्यातून एक दुपार मुलींसाठी, त्या वेळात त्यांना चहा करायला, झाडायला, धाकट्या भावाला सांभाळायला बोलवायचं नाही. तयार वस्तू विक्रीला ठेवायची नाही. बचतगटाच्या मालात तिचं रूपांतर करायचा मोह होईल, तो आवरा. आणि एक टेबल, जे आवरलं जाणार नाही.

शेवटचीच अट सगळ्यात अवघड जाते, हा अनुभव. आमच्याकडे खिडकीखालच्या टेबलावर सध्या दोन गाड्या आणि एक अर्धी एसटी आहे, बसचं छप्पर अजून वाळतंय. परीक्षा जवळ आल्या, टेबल मोकळं करा, असा निरोप कार्यालयातून आला होता. मुलींनी लेखी नकार दिला आहे, खाली अकरा सह्या आहेत.